मेलबर्नचा सेंटर फॉरवर्ड : नेव्हिल डिसोझा

आपल्या सोसायटीला यंदा २५ वर्षं पूर्ण होत आहेत. स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा समितीने कामं वाटून दिली. कुणाकडे संस्थेचा इतिहास, कुणाकडे पाककृती, कुणाकडे मेळघाटातली पाखरं. माझ्या वाट्याला एका नामवंत व्यक्तीचं चरित्र आलं. वऱ्हाडात असं म्हटलं की लेखणी आपोआप गाडगेबाबांकडे नाहीतर भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांकडे वळते, आणि ते रास्तच आहे. पण त्यांच्यावर लिहिणारे अधिकारी लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी एका फुटबॉलपटूवर लिहायचं ठरवलं. आपल्या धारणीत संध्याकाळी जिथे मोकळी जागा दिसेल तिथे पोट्टे चेंडू घेऊन धावत असतात. मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे ही नावं त्यांना पाढ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत. आपलाही एक स्ट्रायकर होता, ऑलिम्पिकमध्ये सर्वांत जास्त गोल करणाऱ्यांत त्याचं नाव लागलं होतं, हे त्यांच्या कानावर घालावं, एवढाच या लेखाचा हेतू. मोठ्यांनीही वाचायला हरकत नाही.

नेव्हिल डिसोझाचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ चा, गोव्यातल्या आसगावचा. गाव बार्देश तालुक्यातलं, म्हापशाजवळचं. तेव्हा गोव्यात पोर्तुगिजांचं राज्य होतं. भारत १९४७ ला स्वतंत्र झाला तरी गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होता. म्हणजे बघा, ज्या माणसाने भारताचा शर्ट घालून ऑलिम्पिकमध्ये गोल मारले, त्याचं जन्मगाव त्या वेळी भारताच्या नकाशात नव्हतं. त्याच्या मेलबर्नच्या पराक्रमानंतर पाच वर्षांनी ते भारतात आलं.

गोव्यातली माणसं पोटापाण्यासाठी मुंबईला येत, ही फार जुनी रीत. कुणी बोटीवर, कुणी बँडमध्ये, कुणी हॉटेलात, कुणी कचेरीत. गावोगावच्या मंडळींच्या धोबीतलाव भागात ‘कूड’ असत. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. ओळखीच्या माणसाच्या भरवशावर गावातून आलेल्या पोराला तिथे पाठ टेकायला जागा मिळायची. सहकार म्हणजे काय हे कायद्याच्या पुस्तकाआधी या लोकांना कळलं होतं, असं माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाला वाटतं. आणि गोव्याची माणसं जिथे गेली तिथे दोन गोष्टी बरोबर घेऊन गेली, गाणं आणि फुटबॉल.

नेव्हिलचं नाव झालं ते मुंबईतच. तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळत असे. त्याचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळलेला. त्या काळी फुटबॉल हा आजच्यासारखा पैशाचा धंदा नव्हता. मोठ्या कंपन्या, रेल्वे, पोलीस, लष्कर यांचे संघ असत. चांगला खेळणाऱ्याला नोकरी लागायची, आणि सकाळ-संध्याकाळ सराव, मधे काम, असं चालायचं. लिलाव, जाहिराती, करार हे शब्द खेळाडूच्या आयुष्यात यायचे नाहीत. पगार आणि मैदान, एवढंच.

मुंबईच्या फुटबॉलचं देऊळ म्हणजे कूपरेज मैदान. तिथे रोव्हर्स कप व्हायचा. ही स्पर्धा १८९१ पासूनची, आधी गोऱ्या पलटणींची. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्स या संघाने पहिल्यांदा ती भारतीयांकडे आणली. नोकरीनिमित्त काही वर्षं मीही मुंबईत काढली. शनिवारी हाफ डे असायचा, तेव्हा दोन-चार वेळा कूपरेजला गेलो. नेव्हिलचा खेळ तेव्हा केव्हाच थांबलेला होता, पण फळ्यांच्या बाकांवर बसणाऱ्या जुन्या मंडळींच्या तोंडी त्याचं नाव असायचं. एखाद्या फॉरवर्डने सोपा चेंडू बाहेर मारला की म्हातारे हळहळायचे आणि मग आपसूक नेव्हिलची गोष्ट निघायची. मी मुळात कबड्डी-कुस्तीच्या मुलखातला. आपल्या अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं, त्याचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आलेलं. फुटबॉलचं वेड मला तसं उशिरा लागलं, ते त्या बाकांवर.

ज्यांना फुटबॉलची फारशी माहिती नाही अशा वहिनींसाठी आणि काकूंसाठी दोन शब्द. नेव्हिल खेळायचा त्या जागेला सेंटर फॉरवर्ड म्हणत, आज स्ट्रायकर म्हणतात. संघाच्या अगदी पुढे, मधोमध. दहा जण मागे राबतात, चेंडू पुढे येतो आणि शेवटचं काम या माणसाचं. दीड तासाच्या खेळात त्याच्या पायाशी चेंडू येतो तो थोडाच वेळ. बाकी वेळ तो नुसता पळतो, जागा हुडकतो, वाट बघतो. आणि संधी येते ती डोळ्याचं पातं लवतं तेवढीच. तेवढ्यात काम झालं तर हार, नाही झालं तर शिव्या. बँकेत कॅशियरचं जसं असतं, दिवसभराचे हजार व्यवहार बरोबर केले तर कुणी विचारत नाही, एक चुकला की सगळी शाखा गोळा होते, तसंच काहीसं.

आता नेव्हिल ज्या संघात गेला तो संघ कसा तयार झाला, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

स्वतंत्र भारताचा फुटबॉल संघ १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले, कुणी पायाला पट्ट्या गुंडाळल्या होत्या. फ्रान्सकडून २-१ असे हरले, पण लोकांनी वाखाणलं. १९५० साली ब्राझीलमधल्या वर्ल्ड कपला जायची संधी आली होती, पण संघ गेला नाही. बूट नव्हते म्हणून गेले नाहीत, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. खरं कारण एवढं सोपं नव्हतं. आपल्या फुटबॉल महासंघाला तेव्हा वर्ल्ड कपपेक्षा ऑलिम्पिक मोठं वाटत होतं, ही त्यातली मुख्य बाब. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले, तिथे अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून आपण सुवर्णपदक घेतलं. सगळं छान चाललं होतं.

आणि १९५२ साली हेलसिंकी झालं. तेच ऑलिम्पिक, जिथे आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझपदक जिंकलं. फुटबॉलमध्ये मात्र गाठ पडली युगोस्लाव्हियाशी. थंड हवा, समोर धिप्पाड, तयार खेळाडू आणि आपले बरेच जण अनवाणी. निकाल १०-१. आपला एकमेव गोल अहमद खानने अगदी शेवटी-शेवटी केला. पहिल्याच सामन्यात संघ घरी परत. महासंघाने मग बूट सक्तीचे केले.

पण नुसते बूट घालून कुणी फुटबॉलपटू होत नाही. पोराला नवं दप्तर घेऊन दिलं म्हणून त्याला गणित येत नाही, तसंच हे. शिकवणारा मास्तर लागतो. सुदैवाने तो होता. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. सगळे त्यांना रहीमसाब म्हणत. त्यांनी घडवलेला हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ १९५० ते १९५४ असा लागोपाठ पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकून गेला. म्हणजे मुंबईच्या कूपरेजवर येऊन, मुंबईकरांच्या डोळ्यांदेखत. मुंबईच्या खेळाडूंना नवा फुटबॉल कसा असतो हे घरबसल्या बघायला मिळालं.

रहीमसाबांचं शिकवणं साधं होतं, पण त्यात विचार होता. आपले खेळाडू चेंडू पायाशी नाचवण्यात पटाईत. एकट्याने तिघांना चकवायचं आणि टाळ्या घ्यायच्या. रहीमसाबांनी अशा स्पर्धा भरवल्या की ज्यात चेंडू घेऊन पळायलाच मनाई, आला की लगेच दुसऱ्याला द्यायचा. दुसरा प्रकार असा की जो पाय कमजोर त्याच पायाने खेळायचं. उजव्याने मारणाऱ्याला डावा वापरायला लावायचा. युरोपातले संघ कसे खेळतात, फॉरवर्ड पुढे-मागे जागा कशा बदलतात, यावर त्यांची नजर असायची. हेलसिंकीला तेच प्रशिक्षक होते. १०-१ चा मार त्यांनी खाल्ला होता, आणि पुढच्या चार वर्षांत त्याची फेड करायची होती.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकसाठी जो संघ निघाला तो बराचसा पोरसवदा होता. कर्णधार मोहन बागानचा समर बॅनर्जी, लाडाचं नाव बद्रू, वय २६. उजव्या बाजूने पळणारा पी. के. बॅनर्जी अवघा २० वर्षांचा. लष्करातला उंचापुरा गोलकीपर पीटर थंगराज, तोही विशीतला. तुळशीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा, गरिबाघरचा. पोलिसांच्या टाकाऊ बुटांच्या कातड्यातून चांभाराकडून त्याने आपले पहिले फुटबॉलचे बूट करून घेतले, असं सांगतात. तोही २० चाच. मद्रासकडचा किट्टू, हैदराबादचे नूर महंमद, अझीझ, झुल्फिकार. कुणी बंगाली, कुणी तेलुगू, कुणी तमिळ, कुणी उर्दू बोलणारा. आणि मधोमध आपल्या मुंबईचा २४ वर्षांचा नेव्हिल, बोली कोकणी.

तो काळ आठवून बघा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली. त्याच दिवशी आपला विदर्भ, म्हणजे जुन्या मध्यप्रदेशातले आठ मराठी जिल्हे, मुंबई राज्यात आले. आपलं मेळघाटही त्यात होतं. त्याच दिवशी रहीमसाबांचं हैदराबाद संस्थान राज्य म्हणून संपलं आणि मराठवाडा आपल्याकडे आला. म्हणजे मेलबर्नला सामना झाला तेव्हा नेव्हिल आणि आपण धारणीकर एकाच राज्याचे होऊन बरोबर एक महिना झाला होता. अर्थात इथे कुणाला त्याची खबर असण्याचं कारण नाही. मी तेव्हा पाटी-पेन्सिलवाला, आणि आमच्या गावात रेडिओ एकाच घरी होता, त्यावर बाजारभाव ऐकले जायचे.

जगातही गडबड होती. हंगेरीत लोकांनी उठाव केला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. तिकडे सुएझ कालव्यावरून लढाई पेटलेली. काही देशांनी ऑलिम्पिकवर बहिष्कार घातला. फुटबॉलमध्ये शेवटी ११ संघच उरले. आपला पहिला सामना हंगेरीशी ठरला होता. हंगेरी म्हणजे १९५२ चा ऑलिम्पिक विजेता आणि १९५४ च्या वर्ल्ड कपचा उपविजेता देश. त्यांनी माघार घेतली आणि आपण न खेळताच पुढे गेलो. नशिबाचा हा भाग मी मुद्दाम आधीच सांगून टाकतो. ताळेबंदात अनपेक्षित जमा वेगळी दाखवावी लागते.

१ डिसेंबर १९५६. मेलबर्नचं ऑलिम्पिक पार्क मैदान. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, प्रेक्षक त्यांचे, हवा त्यांची. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलने पुन्हा आघाडी घेतली. एकेचाळिसाव्या मिनिटाला मॉरोने पुन्हा फेडली. मध्यंतराला २-२. अशा वेळी बहुतेक संघ ढेपाळतात. दोनदा कमावलेलं दोनदा हातचं गेलं की माणूस सावध होतो, मागे सरकतो. आपली पोरं मागे सरकली नाहीत. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिलने तिसरा गोल केला. हॅट्‌ट्रिक. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा गोल करून कुलूप लावलं. ४-२. भारत ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत. आशियातला कुठलाही देश त्याआधी तिथवर पोहोचला नव्हता.

यजमानांना ही हार पचायला जड गेली असणार. ऑलिम्पिक संपल्यावर १२ डिसेंबरला सिडनीला दोन्ही संघांची पुन्हा गाठ पडली. तिथे आपण ७-१ ने जिंकलो. पहिला विजय काही चुकून झालेला नव्हता, याची पावतीच मिळाली.

४ डिसेंबरला उपांत्य सामना, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर. आणि समोर कोण? तेच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वी दहा गोल मारणारं. १९४८ पासून लागोपाठ तीन ऑलिम्पिकची रौप्यपदकं त्यांनी घेतली आणि चौथ्या वेळी, १९६० ला, सुवर्ण. असा हा संघ. पहिल्या अर्ध्या खेळात त्यांना एकही गोल करता आला नाही. ०-० वर मध्यंतर. आणि बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला. भारत १, युगोस्लाव्हिया ०.

ही आघाडी दोन मिनिटं टिकली. चौपन्नाव्या मिनिटाला बरोबरी, सत्तावन्नाव्याला दुसरा गोल, पासष्टाव्याला तिसरा, आणि शेवटी आपल्याच बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. ४-१. त्या काळी बदली खेळाडू मैदानात उतरवायची सोय नव्हती. जे अकरा सुरुवातीला उतरले तेच शेवटपर्यंत, दमले तरी, लागलं तरी. पण ती दोन मिनिटं लक्षात ठेवा. ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर भारताचा संघ आघाडीवर होता, आणि ती आघाडी एका आसगावच्या पोराने मिळवून दिली होती. त्यानंतर इतकी वर्षं झाली, तिथवर आपण परत गेलेलो नाही.

७ डिसेंबरला ब्राँझपदकासाठी बल्गेरियाशी सामना झाला. तोही तगडा संघ, उपांत्य फेरीत रशियाकडून जादा वेळेत हरलेला. आपण ३-० ने हरलो. पदक गेलं, चौथा नंबर आला.

आपल्या महाराष्ट्रात या साऱ्याचा गाजावाजा का झाला नाही, याचा मी विचार करत असे. तारखा शेजारी-शेजारी मांडल्या आणि उत्तर मिळालं. ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. ७ डिसेंबरला, म्हणजे ज्या दिवशी मेलबर्नला ब्राँझचा सामना झाला त्याच दिवशी, मुंबईत दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले. नागपूरची दीक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते. सारा मुलूख शोकात बुडाला होता. अशा दिवशी फुटबॉलचा निकाल कोण वाचणार? त्यातच ६ तारखेला हॉकीत पाकिस्तानला १-० ने हरवून आपण सुवर्णपदक जिंकलं. जे कौतुक उरलं ते हॉकीच्या वाट्याला गेलं, आणि सोन्यापुढे चौथा नंबर कुणाला दिसणार? नेव्हिलचा पराक्रम असा दोन मोठ्या बातम्यांच्या मधे दबून गेला.

आता बँकेतल्या सवयीप्रमाणे हिशेब मांडतो. मेलबर्नला भारत तीन सामने खेळला. एक जिंकला, दोन हरला. केलेले गोल ५, झालेले गोल ९. त्या ५ पैकी ४ नेव्हिलचे. म्हणजे शंभरातले ऐंशी टक्के एका माणसाचे. स्पर्धेत सर्वांत जास्त गोल करणारे तिघे, प्रत्येकी ४ : युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि भारताचा डिसोझा. पहिल्या दोघांचे संघ पदक घेऊन गेले. आपला एकटाच रिकाम्या हाताने परतला, पण त्यांच्या बरोबरीच्या ओळीत नाव ठेवून.

कुणी म्हणेल, हंगेरी आली असती तर? अनेक देश आले नव्हते, मग चौथ्या नंबरला काय किंमत? प्रश्न रास्त आहे. चौथा नंबर जसाच्या तसा छातीला लावून मिरवण्यात मला रस नाही. माझ्या लेखी खरा आकडा दुसराच आहे. १९५२ ला युगोस्लाव्हियाकडून १०-१. १९५६ ला त्याच युगोस्लाव्हियाकडून ४-१, त्यातही आधी आघाडी आपली. प्रतिस्पर्धी तोच, प्रशिक्षक तेच, मधे फक्त चार वर्षं. या चार वर्षांत पायात बूट आले, डोक्यात शिस्त आली, विशीतली पोरं निवडली गेली आणि एका मास्तराच्या हाताखाली टिकवली गेली. त्यात नशीब कुठेच नाही. ही नियमित भरलेली आवर्ती ठेव आहे. नेव्हिलचे चार गोल म्हणजे तिच्यावरचं व्याज. व्याज सगळ्यांना दिसतं, दरमहा हप्ता कोण भरतो ते दिसत नाही.

मेलबर्नहून आल्यावर नेव्हिल पुन्हा मुंबईच्या फुटबॉलमध्ये, आपल्या टाटा संघात रुजू झाला. तेच कूपरेज, तेच सामने. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला संघ गेला तेव्हा पी. के. बॅनर्जी कर्णधार झाला होता. नेव्हिल त्या संघात नव्हता. वय २८. नवे फॉरवर्ड आले होते, चुनी गोस्वामीचं नाव गाजू लागलं होतं. खेळाडूचं निवृत्तीचं वय आपल्यासारखं ६० नसतं. आम्हाला नारळ-शाल मिळते, ग्रॅच्युइटी मिळते, त्यांना एक दिवस यादीत नाव दिसत नाही, एवढंच कळतं.

त्याच्याबरोबर मेलबर्नला असलेली पोरं मात्र पुढे चमकली. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने पुन्हा सुवर्णपदक घेतलं. पी. के., बलराम, थंगराज ही मेलबर्नची मंडळी त्या संघात होती. गोव्याचा फॉर्च्युनातो फ्रँको हाही होता. रहीमसाब तेव्हा कर्करोगाने पोखरलेले होते. ११ जून १९६३ रोजी ते गेले. १९६४ ला आशिया कपमध्ये आपण उपविजेते झालो. पण ऑलिम्पिकचं दार रोमनंतर जे बंद झालं ते पुरुषांच्या फुटबॉलमध्ये आजपर्यंत उघडलेलं नाही. हप्ते भरणं थांबलं की खातं बंद पडतं, हे सांगायला बँकेतला माणूस कशाला हवा.

पी. के. बॅनर्जीला पुढे पद्मश्री मिळाली, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं, आणि तो मानाचा धनी होताच. नेव्हिलच्या वाट्याला असलं फारसं काही आलं नाही. १६ मार्च १९८० रोजी तो गेला. वय ४७. या वयात आमच्याकडे माणूस प्रमोशनची वाट बघत असतो.

त्याच्या नावाचं एक स्मारक मात्र मुंबईत आहे, आणि मला ते सर्वांत शोभणारं वाटतं. तो पुतळा नाही. वांद्र्याला रेक्लमेशनच्या बाजूला फुटबॉलचं एक मैदान आहे, त्याला नेव्हिल डिसोझाचं नाव आहे. तिथे रोज पोरं खेळतात, जिंकतात, हरतात, ढोपरं फोडून घेतात. बहुतेकांना तो कोण होता हे माहीत नसेलही. पण मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे हातभर जागेची किंमत ऐकून आपल्याला घेरी येईल, तिथे एका खेळाडूचं नाव एका मोकळ्या जागेने जपून ठेवलं आहे.

इथे मला आपल्या सोसायटीचा विषय काढणं भाग आहे. आपल्या मागच्या बाजूच्या खुल्या जागेचा प्रश्न गेल्या दोन वार्षिक सभांपासून लोंबकळतो आहे. कुणाला तिथे गाड्यांसाठी शेड हवी, कुणाला लग्नकार्यासाठी हॉल. दोन्ही मागण्यांत तथ्य आहे, गाड्या वाढल्या आहेत आणि लग्नाचा हॉल भाड्याने घ्यायचा तर कंबरडं मोडतं, हे मलाही समजतं. हॉलमुळे संस्थेला उत्पन्न येईल, हा मुद्दा तर मीच एकेकाळी कर्जाच्या प्रस्तावावर आनंदाने लिहिला असता. पण त्या जागेवर रोज संध्याकाळी पंधरा-वीस लेकरं खेळतात. त्यांत आपल्या सभासदांची आहेत, पलीकडच्या वस्तीतली कोरकू पोरंही आहेत. काहींच्या पायात बूट असतात, काही अनवाणी असतात, आणि पळण्यात अनवाणी पोरं बूटवाल्यांना भारी पडतात. डोंगर चढून-उतरून तयार झालेले पाय आहेत ते. त्यांच्यातून कुणी नेव्हिल निघेल असं मी म्हणत नाही. शंभर खात्यांत एखादंच मोठं होतं, हे चाळीस वर्षांच्या नोकरीत शिकलो. पण शंभर खाती उघडल्याशिवाय ते एकही होत नाही, हेही तिथेच शिकलो.

रौप्यमहोत्सव म्हणजे २५ वर्षांचा ताळेबंद. आपण भिंती बांधल्या, पाण्याची टाकी बांधली, झाडं लावली, एकमेकांच्या अडीअडचणीला उभे राहिलो. पुढच्या २५ वर्षांसाठी त्या जागेवर दोन गोलपोस्ट उभे करून ती तशीच मोकळी ठेवावी, असा ठराव मी येत्या सभेत मांडणार आहे. पोस्टच्या लोखंडी पाइपांचा खर्च माझ्याकडे. अनुमोदन कुणी देणार असेल तर सचिवांकडे आधी नाव द्यावं. मतदानात हरलो तर हार मान्य करीन, शेडच्या पायाभरणीला नारळही फोडीन. पण तोपर्यंत, संध्याकाळी खिडकीच्या काचेवर चेंडू आदळला तर पोरांवर ओरडण्याआधी मेलबर्नची ती दोन मिनिटं आठवावी, एवढी सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती.